चांदरात, चक्रवाल आणि पाटणचे भास्कराचार्य

शाबान महिन्याची एकोणतीस तारीख आली की अंतरवाली सराटीत आम्ही मगरीबच्या अगोदरच गच्चीवर जमतो. पश्चिमेला उसाचे फड, त्यांच्यावर तांबूस पट्टा आणि त्या पट्ट्यात नखाएवढी कोर शोधायची. शेजारचे काकाही वर येतात. त्यांना रोजा धरायचा नसतो, पण त्यांची नजर आमच्यापेक्षा चांगली आहे आणि चंद्र सगळ्यांच्या आधी आपल्याला दिसावा ही हौस आमच्याइतकीच जुनी. आमचे आजोबा कोर दिसली की तिचे कोणते शिंग वर आहे ते पाहत. त्यावरून धान्य महागणार की स्वस्त होणार, याचा ते अंदाज बांधत. तो अंदाज कधी खरा ठरल्याचे मला आठवत नाही, पण पाहत मात्र दरवर्षी. थंडी सरताना कोर होडीसारखी आडवी दिसते आणि दिवाळीच्या सुमारास ती जास्त कललेली असते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता पोरे मोबाइल काढतात. चंद्र किती वाजता मावळणार, क्षितिजापासून किती वर असणार, सगळे त्यात येते. मागच्या वर्षी रमजानच्या पहिल्या आठवड्यात यावरूनच माझ्या तासाला दोन विद्यार्थ्यांची जुंपली. दोघेही संगणकशास्त्राचे, माझ्याकडे फक्त भाषेच्या तासाला येणारे. एकाचे म्हणणे, मोबाइल ज्या अल्गोरिदमवर चालतो तो शब्दच आमच्या अल्-ख्वारिझमीच्या नावावरून आला. दुसऱ्याने लगेच उत्तर दिले की शून्य आमचे आहे, त्याशिवाय तुमचा अल्गोरिदम एक पाऊल चालला नसता. आमचे आणि तुमचे हे दोन शब्द वर्गात एकदा आले की तास संपल्यावरही ते बाकांवर बसून राहतात. मी उर्दू शिकवतो, गणित नाही. तरी दोघांना म्हणालो की मला थोडे दिवस द्या. त्या दिवसांत मी ज्या माणसापाशी येऊन थांबलो, तो शोधायला बगदादला जावे लागले नाही. वडीगोद्रीवरून जो धुळे-सोलापूर महामार्ग जातो, त्याच रस्त्याने उत्तरेला निघायचे. छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, वेरूळ, कन्नड ओलांडून घाट उतरला की चाळीसगाव. तिथून साधारण अठरा किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीचे म्हणून आज ते ओळखले जाते. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तिथे सापडला.

आधी त्या दोघांच्या भांडणाचे. दोघेही खरेच बोलत होते, फक्त अर्धे. मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिझमी नवव्या शतकात, खलिफा मामूनच्या काळात बगदादला होता. त्याने हिंदी अंकांनी हिशेब कसा करायचा यावर एक पुस्तक लिहिले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन रूपांतर झाले, लॅटिनमध्ये त्याचे नाव अल्गोरित्मी झाले आणि पुढे पायरीपायरीने हिशेब करण्याच्या पद्धतीलाच ते नाव चिकटले. त्याचे दुसरे पुस्तक जबर आणि मुकाबला यावरचे. त्याचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसांचे हिस्से काढण्याच्या उदाहरणांनी भरला आहे, कारण शरियतचे वाटे अपूर्णांकांत असतात आणि ते चुकले तर घरात भांडणे लागतात. पण बगदादला हे हिंदी गणित पोहोचले कसे? आठव्या शतकात खलिफा मन्सूरच्या दरबारात एका हिंदी विद्वानाबरोबर एक सिद्धांतग्रंथ गेला. अरबांनी त्याचे नाव सिंदहिंद केले. त्यामागे ब्रह्मगुप्ताची परंपरा होती. ब्रह्मगुप्त म्हणजे ज्याने इ.स. ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम घालून दिले तो. आणि पाटणच्या भास्कराचार्यांनी ज्याला गुरुस्थानी मानले, ज्याच्या ग्रंथावर आपली इमारत उभी केली, तोही हाच ब्रह्मगुप्त. त्या दोन मुलांचे पूर्वज एकाच गुरूच्या वर्गातले निघाले. एक वर्ग बगदादला भरला, दुसरा सह्याद्रीखाली, एवढेच.

भास्कराचार्यांच्या जन्माबद्दल वाद घालावा लागत नाही, कारण सन त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. शांडिल्य गोत्र, वडील महेश्वर. वडील स्वतः ज्योतिषी, आणि मुलाचे गुरूही तेच. गावाचे नाव ते विज्जलविड सांगतात, सह्य पर्वताच्या आश्रयाचे, तीन वेदांच्या जाणकारांचे गाव म्हणून. ते गाव आजचे कोणते यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली. कोणी विजापूर म्हटले, कोणी आपले बीड. मला त्या वादापेक्षा पाटणचा दगड जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्याकडे येतोच. घराणे विद्येचे होते. पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या एका भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. अशा घरात मुलाला अक्षर आणि अंक बहुधा एकाच वेळी ओळखीचे होत असतील.

छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. त्याच्या पाचच वर्षे आधी स्पेनमधल्या सेगोव्हिया शहरात अल्-ख्वारिझमीच्या बीजगणिताचे लॅटिन भाषांतर झाले होते. एकाची दुसऱ्याला वार्ता असण्याचे कारण नाही, पण ही दोन सालं शेजारी शेजारी लिहायला मला आवडतात. सिद्धांतशिरोमणीचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आपण शाळेत ज्या विषयाला बीजगणित म्हणतो, तो शब्द या ग्रंथाने घराघरात नेला. मी उर्दू माध्यमात शिकलो, आमच्या पुस्तकावर अलजबरा लिहिलेले असे. म्हणजे शेजारच्या मराठी शाळेतली मुले पाठीवर पाटणचे नाव घेऊन जात होती आणि आम्ही बगदादचे. गणिते तीच होती, आणि आम्हा सगळ्यांची चुकतही सारखीच होती.

लीलावतीची सुरुवात गणपतीच्या वंदनाने होते आणि मग लगेच बाजार सुरू होतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग वजने, मापे, जमिनीची लांबी. सोळा आण्यांचा रुपया पाहिलेल्या आमच्या आजोबांना हे कोष्टक दाखवले असते तर त्यांना ते परके वाटले नसते. त्यानंतर बेरजेपासून त्रैराशिकापर्यंत, व्याजापासून सोन्याच्या कसापर्यंत सगळे येते. पण कोरडे नाही. कमळात शिरणारे भुंगे आहेत, तुटलेल्या हारातले मोती आहेत, सरोवरातून उडालेले हंस आहेत. मला सगळ्यात आवडते ते मोराचे उदाहरण. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे निघतो. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल, तर बिळापासून किती हातांवर मोराने सापाला गाठले? उत्तर बारा. दोघेही पंधरा पंधरा हात चालले. काटकोन त्रिकोणाचा तोच नियम, पण हे उदाहरण एकदा सोडवलेला मुलगा तो आयुष्यभर विसरणार नाही. शिकवणाऱ्याला हे जमले की निम्मे काम झाले, हे मी वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून सांगतो आहे, आणि मला अजून ते असे जमलेले नाही.

लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचा भाग आहे. तो वाचून माझे संगणकाचे विद्यार्थी सरसावून बसले. शंकराच्या दहा हातांत दहा वेगवेगळ्या वस्तू आहेत, पाश, अंकुश, साप, डमरू वगैरे. त्या हातांत अदलाबदल करत गेले तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतील तर किती? विष्णूच्या मूर्ती २४ होतात. शंकराच्या ३६ लाख २८ हजार ८००. हात चारावरून दहावर गेले आणि आकडा चोविसावरून छत्तीस लाखांच्या पुढे. संगणकशास्त्राच्या तात्त्विक बाजूला रोज हीच भीती भेडसावत असते. वस्तू थोड्या वाढतात आणि शक्यता इतक्या फुगतात की जगातले सगळे संगणक लावले तरी एकेक तपासून संपणार नाहीत. मग प्रश्न असा राहतो की एकेक न तपासता उत्तरापर्यंत पोहोचण्याची युक्ती आहे का.

भास्कराचार्यांची कीर्ती ज्या युक्तीमुळे आहे तिचे नाव चक्रवाल, म्हणजे फिरत राहणारी पद्धत. ती पूर्णपणे त्यांच्या एकट्याची नाही. ब्रह्मगुप्ताने पाया घातला होता, जयदेव नावाच्या आधीच्या गणितीनेही ती मांडली होती. पण तिला नेटके रूप देऊन अवघड उदाहरणांवर चालवून दाखवली ती भास्कराचार्यांनी, बीजगणितात. उदाहरण ऐकायला साधे आहे. अशी एक पूर्ण संख्या शोधा की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग व्हावा. कागद-पेन्सिल घेऊन एकपासून सुरुवात करणारा माणूस म्हातारा होईल. चक्रवाल काय करते? ती चुकीच्या उत्तरापासून सुरू होते. १ घ्या. त्याचा वर्ग गुणिले ६१ म्हणजे ६१. त्यात १ नाही, पण ३ मिळवले तर ६४ होतात आणि ६४ हा ८ चा वर्ग आहे. म्हणजे चूक झाली, पण किती झाली ते कळले. आता नियम सांगतो की या तीन आकड्यांवरून पुढचे तीन असे काढा. ते येतात ५, ३९ आणि उणे ४. तपासून पाहा, ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले की १५२१, आणि तो ३९ चा वर्ग आहे. पुन्हा चूक, पण पुन्हा मोजून मापून. हेच आकडे पुन्हा चाकावर घालायचे. इथे ब्रह्मगुप्ताची भावना नावाची जोडणी वापरून वाट आणखी जवळ करता येते. शेवटी जी संख्या येते ती २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८०, आणि पलीकडच्या वर्गाचे मूळ १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९. याहून लहान उत्तर या प्रश्नाला नाही.

पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून टाकला. त्याला पाटणची काहीच खबर नव्हती. ही पद्धत कोणत्याही संख्येवर चालवली तरी ती कधीतरी थांबतेच, असे पक्के सिद्ध करायला मात्र आपल्याला आणखी थांबावे लागले. ते काम १९२९-३० च्या सुमारास म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार या प्राध्यापकांनी केले. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. चाक फिरत राहील की थांबेल, हा संगणकशास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंगने दाखवून दिले की हवी ती पद्धत पुढे ठेवली आणि ती थांबेल का असे विचारले, तर प्रत्येक वेळी उत्तर देईल असा कोणताही एकच नियम असू शकत नाही. म्हणून एखादे चाक नक्की थांबते हे माहीत असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

आता चंद्रकोर. ग्रहगणितात शृंगोन्नती नावाचे प्रकरण आहे. कोरीचे कोणते शिंग वर, किती वर आणि चंद्राचा किती भाग उजळलेला, हे गणिताने काढण्याची रीत त्यात आहे. चंद्र सूर्यापासून साधारण बारा अंश दूर गेला की दिसू लागतो, असा सिद्धांतग्रंथांचा ठोकताळा. आजोबांच्या अंदाजातले धान्याचे भाव बाजूला ठेवले, तर उरलेले सगळे या प्रकरणात आहे. हे वाचताना मला आमच्या गच्चीची फार आठवण झाली. डोळ्यांनी चंद्र पाहण्याचा आमचा हुकूम वेगळा आणि हिशेब वेगळा, यावर दरवर्षी बोलणे होतेच. इथे मी त्यात शिरत नाही. पण कोर कुठे आणि कशी दिसेल हे ज्यांना मांडता येते, त्यांच्याबद्दल आदर वाटायला हरकत नाही. शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. सिद्धांताचा सगळा पसारा न मांडता पंचांग करणाऱ्याला झटपट हिशेब करता यावा म्हणून केलेले हे हातपुस्तक. सत्तरीला टेकलेला माणूस आपल्याच मोठ्या ग्रंथाची सोपी आवृत्ती करायला बसतो, यात मला त्यांचा स्वभाव दिसतो.

त्यांच्यानंतर काय झाले ते पाटणच्या शिलालेखातून कळते. १८६५ च्या सुमारास मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून बोलावून नेले. नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. तिथे आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणीपासून सुरुवात करून, शिकवले जावेत हा उद्देश. यादवांचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, चंद्रग्रहणाच्या पर्वावर या मठाला दान दिले. लेखाचा सुरुवातीचा भाग संस्कृतात आहे, पण पैशाची गोष्ट आली तसा तो मराठीत उतरतो. साहजिक आहे. संस्कृत पंडितांना कळणार, कर मात्र तेल्याला आणि वाण्याला द्यायचा होता. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हिस्सा होता, तो मठाला. जितके घाणे चालतील त्यांच्याकडून पळी पळी तेल. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि त्याचा विषय गणिताच्या शाळेचा खर्च. रमजानमध्ये आपल्याकडे मदरशांसाठी, गरीब मुलांच्या फीसाठी पावतीपुस्तके फिरतात. ती फाडताना मला अलीकडे त्या पळीची आठवण होते. चाळीसगाव तालुक्यातच बहाळ येथे भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातल्या अनंतदेवाचा १२२२ चा लेख आहे. तोही सिंघणाचाच ज्योतिषी.

देवगिरीवर पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला, काही वर्षांनी यादवांचे राज्य संपले, देवगिरीचे दौलताबाद झाले. यावरून कोणी असे समजेल की मठ गेला तसे भास्कराचार्यही गेले. गेले नाहीत. आमच्या गोदावरीनेच त्यांना सांभाळले. सोळाव्या शतकात पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला सूर्यदास नावाचा पंडित होता. त्याने १५३८ मध्ये बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. तेव्हा इथे अहमदनगरच्या निजामशाहीचे राज्य होते, आणि त्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे ब्राह्मण पूर्वज याच पाथरीचे. मुसलमान सुलतानाचे मूळ गाव आणि बीजगणिताच्या टीकाकाराचे गाव एकच, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळाले नव्हते. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर लिहिलेली टीका तर पुढे सगळ्यात जास्त वापरली गेली. बीजगणितावर दुसरी मोठी टीका लिहिणारे कृष्ण दैवज्ञ विदर्भातल्या घराण्याचे आणि जहांगीर बादशहाच्या आश्रयाचे.

आता फैजीकडे येतो. माझ्या विषयाशी तोच सगळ्यात जवळचा. अबुल फैज फैजी म्हणजे अबुल फजलचा थोरला भाऊ, फारसीचा मोठा शायर, अकबराच्या मुलांचा शिक्षक. १५८७ मध्ये त्याने लीलावती फारसीत आणली. गजल लिहिणाऱ्या माणसाने भुंगे, हंस, मोर आणि साप यांची गणिते हातात घेतली तेव्हा त्याला किती आनंद झाला असेल, याची मला थोडी कल्पना येते. अकबराच्या भाषांतरखात्यात महाभारतही होत होते, पण हे काम आणखी नाजूक होते. कवितेत एक शब्द चुकला तर रस थोडा कमी होतो, गणितात चुकला तर मोर खांबावरच राहतो. चार वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराने फैजीला वकील म्हणून दख्खनेत पाठवले. बऱ्हाणपूर आणि अहमदनगर या दरबारांत त्याचे जवळपास दोन वर्षे गेली. १५९५ मध्ये तो वारला.

लीलावतीची जी गोष्ट आपण सगळे जाणतो ती फैजीच्या याच फारसी पुस्तकातून आली, हे फार थोड्यांना माहीत असते. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती. तिच्या पत्रिकेत लग्नाचे सुख नव्हते. वडिलांनी एक शुभ घटिका शोधून काढली आणि ती चुकू नये म्हणून पाण्यावर भोक असलेली वाटी तरंगत ठेवली. वाटी बुडाली की मुहूर्त. नवरीच्या वेषातली पोरगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, अंगावरचा एक मोती सुटून वाटीत पडला आणि भोक बुजले. घटिका निघून गेली. मग बापाने तिचे नाव टिकावे म्हणून ग्रंथाला ते नाव दिले. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ही गोष्ट नाही. तिथे लीलावतीला उद्देशून बोलणे आहे, पण तसे मित्राला आणि वाण्यालाही आहे. फैजीने ती दख्खनच्या कोणाकडून तरी ऐकली असावी. ती घडली असेल असे मला वाटत नाही, पण तिने एक काम केले. चारशे वर्षे मराठी आईबाप पोरीला गणिताची गोडी लागावी म्हणून जी गोष्ट सांगत आले, ती एका मुसलमान शायराच्या फारसीतून आपल्या घरात आली. भास्कराचार्यांचे गाव मात्र फैजीने बिदर सांगितले. तो पाटणचा दगड त्याने पाहिला नव्हता.

बीजगणिताला फारसीत यायला आणखी सत्तेचाळीस वर्षे लागली. शहाजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रश्दी याने ते भाषांतर केले आणि बादशहाला अर्पण केले. हा अताउल्लाह म्हणजे ताजमहालाचे मुख्य शिल्पकार म्हणून ओळखले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा थोरला मुलगा. इथवर वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले होते, कारण हे नाव कुठेतरी वाचल्याचे आठवत होते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये गेली. तिचा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास झाला. त्याच्या प्रवेशद्वारावरच्या लेखात बांधणाऱ्यांची नावे आहेत, अताउल्लाह आणि हंसपत राय. शाळेच्या सहलीत, पाहुणे आले म्हणून, पोरांना दाखवायला म्हणून मी त्या दाराखालून कितीदा गेलो असेन. मकबऱ्याला ताजची नक्कल म्हणून नाके मुरडणारेही पुष्कळ भेटले. ज्याने तो उभा केला त्याने तरुणपणी पाटणच्या भास्कराचार्यांचे बीजगणित ओळ न ओळ समजून घेतले होते, हे तिथल्या एकाही गाइडने मला सांगितले नाही. तोच रस्ता, तोच ग्रंथ, मध्ये फक्त एक घाट.

पुढची गंमत अशी की इंग्रजांनाही भास्कराचार्यांचे बीजगणित आधी फारसीतूनच कळले. १८१३ मध्ये लंडनला एडवर्ड स्ट्रॅची याने जे इंग्रजी पुस्तक छापले ते अताउल्लाहच्या फारसीवरून केलेले. नंतर १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरने संस्कृत लीलावती इंग्रजीत आणली आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही पुस्तके थेट संस्कृतातून दिली. फैजीची फारसी लीलावती १८२७ मध्ये कलकत्त्याला छापली गेली.

त्या दोन विद्यार्थ्यांना मी हे सगळे चार-पाच दिवस रोज थोडे थोडे सांगितले. तिसऱ्या दिवसापासून भांडण बंद झाले. पटले म्हणून झाले असे मी म्हणणार नाही, त्यांना ६१ चा प्रश्न जास्त आवडला म्हणून झाले. एकाने एकपासून सुरू करून एकेक संख्या तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा लॅपटॉप जुना. उत्तर येईपर्यंत आम्ही चहा घेऊन आलो, म्हणजे त्या दोघांपैकी एकाने घेतला, दुसऱ्याला रोजा होता. मग दोघांनी मिळून चक्रवालच्या पायऱ्या लिहिल्या. एक नियम वाचत होता, दुसरा टाइप करत होता. पहिल्यांदा चिन्ह चुकले आणि चाक थांबेचना. उणे ४ च्या जागी अधिक ४ पडले होते. ते दुरुस्त केल्यावर एंटर दाबायच्या आत आकडा पडद्यावर. मग कधी ६७, कधी १०९ असे घालून बघत ते अस्रच्या अजानपर्यंत बसले होते.

गेल्या ईदला शीरखुर्मा प्यायला दोघे बरोबर आले. पाटणला जायचे ठरले आहे. वडीगोद्रीहून संभाजीनगर, तिथून चाळीसगावची एसटी, पुढे जीप. जाताना मकबऱ्यावर उतरून दारावरची दोन नावे बघायची असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याला आधी पाटण गाठायचे आहे, कारण दुपारी डोंगरात ऊन फार होते.